थापांची ॲलर्जी

हे तुम्हाला पटणार नाही. पटवून द्यायचा माझा इरादाही नाही. आजवर मी सांगितलेली एकही गोष्ट कुणाला धड पटलेली नाही, आणि तरी एकही माणूस अर्ध्यातून उठून गेलेला नाही. एक उठला होता, पण त्याला विंचू चावला होता. तोसुद्धा उतारा घेऊन पुढचं ऐकायला परत आला.

तर ऐका. अख्ख्या महाराष्ट्रात मी एकटाच पेशंट असा, की ज्याच्या पलंगाच्या पाटीवर 'ॲलर्जी' या शब्दापुढे 'थापा' असं लिहिलं होतं. कुणाला पेनिसिलिन चालत नाही, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत. मला खोटं चालत नव्हतं. म्हणजे मला उत्तम चालत होतं. माझ्या छातीवर जो बसवला होता त्याला चालत नव्हतं.

मी सिदाप्पा ऐवळे. जत तालुक्यातला पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, रानातून चालायचं, आणि नारळ जिथं उभा राहील तिथं विहीर खणायला सांगायची, हा माझा धंदा. नारळ खरंच उभा राहतो का, हे मला विचारू नका. पाणी लागलं तर नारळाची करामत, नाही लागलं तर खणणाऱ्यानं घाई केली. अशा धंद्यात माणसाच्या जिभेला आपोआप वळण लागतं.

जतला येणारी शेवटची डिझेलची एसटी ज्या वर्षी मोडीत निघाली, त्या वर्षी माझं हृदय दमलं. चार पावलं चाललो की धाप. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. डॉक्टर म्हणाले, हृदय रक्त पुरेसं ढकलत नाही, त्यामुळे अंगात पाणी साठतंय. झालं. सगळा जन्म पाणी शोधण्यात गेला आणि शेवटी ते माझ्याच पायांत लागलं.

सांगलीकडच्या एका मोठ्या इस्पितळात मला भरती केलं. नाव सांगत नाही, तिथले लोक अजून माझ्यावर डूख धरून आहेत.

आता थोडं शास्त्र. कंटाळू नका, पुढे याच्यावरच सगळं अडणार आहे. दमलेल्या हृदयाला चाबूक मारणारं एक जुनं औषध आहे, डिगॉक्सिन. परदेशातल्या एका घंटेसारख्या फुलांच्या झाडापासून ते काढतात. चांगलं औषध, पण स्वभावानं आपल्या मिरचीसारखं. किंचित कमी पडलं तर उपयोग नाही, किंचित जास्त झालं तर विष. जास्त झालं की माणसाला मळमळतं, जग पिवळट दिसायला लागतं आणि हृदयाचे ठोके वाटेल तसे पडायला लागतात, मग एकदम थांबतातही. त्यातून माझ्यासारख्याची किडनी मंद असली, किंवा रक्तातलं पोटॅशियम उतरलं, की कालची बरोबर मात्रा आज विष होते. म्हणून इस्पितळानं प्रत्येक हृदयरोग्याच्या छातीवर एक चकती बसवली होती. चकतीला खालून केसाहून बारीक सुया. त्या कातडीखालच्या पाण्यातून औषध किती, पोटॅशियम किती ते सतत मोजायच्या. चकती ठोकेही ऐकायची. आणि दंडाला बांधलेल्या छोट्या पंपाला सांगायची, आता एक थेंब सोड, आता थांब.

यंत्राचा नियम साधा होता. अंगात औषध जास्त दिसलं तर पंप बंद. आणि औषध बरोबर दिसलं तरी ठोके विषबाधेसारखे पडले, तरीही पंप बंद. मात्रा आणि ठोके, दोन्हींपैकी एकातही शंका आली की औषध थांबवायचं आणि बराच वेळ थांबवूनच ठेवायचं. नियमात खोट काढायला जागा नव्हती. यंत्र बसवल्यापासून त्या वॉर्डात औषधाच्या विषानं कुणी दगावलं नव्हतं.

त्या यंत्राचं कागदोपत्री नाव चांगलं हातभर लांब होतं. वॉर्डातले लोक त्याला ठोकेदार म्हणत. नाव पुरुषाचं, आवाज बाईचा. बातम्या सांगणाऱ्या बाईचा.

माझ्या शेजारच्या पलंगावर बाबालाल शिकलगार होता. कवठेमहांकाळचा. सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. भिंतीकडं तोंड करून पडायचा, जेवण परत पाठवायचा. कुणी बोलावलं तर म्हणायचा, "माझं झालं आता."

मला असा माणूस शेजारी सहन होत नाही. मी उशी मांडीवर घेतली आणि सुरुवात केली.

"बाबालाल, डफळापूरला मी एक विहीर दाखवली होती. काय गोड पाणी लागलं! मधमाश्यांनी फुलं सोडली आणि विहिरीत उतरून पोळी बांधली. गावानं चहात साखर घालायची बंद केली."

बाबालालची पाठ किंचित हलली.

"मग?" पलीकडच्या पलंगावरून कुणीतरी विचारलं.

"मग काय? वर्षाच्या आत..." इथं मी श्वास रोखला. मोठी थाप सोडायच्या आधी मी नेहमीच रोखतो, पैलवान मांडी ठोकायच्या आधी रोखतो तसा. "वर्षाच्या आत अख्ख्या गावाला मधुमेह झाला. जनावरांसकट. सरकारला विहीर बुजवावी लागली."

बाबालाल हसला. तोंड भिंतीकडंच, पण पाठ गदगदा हलत होती. आणि त्याच वेळी माझ्या छातीतून बातम्या सुरू झाल्या.

"आपल्या हृदयाच्या लयीत गंभीर अनियमितता आढळली आहे. औषध थांबवण्यात येत आहे. आपणास नेमके काय झाले ते सांगावे."

"काही न्हाई बाई," मी म्हणालो, "जरा थाप मारली."

"नोंद केली. थाप कोणी मारली?"

"मीच."

"कोणास मारली?"

"ह्या बाबालालला. तसं बघितलं तर सगळ्या वॉर्डाला."

ठोकेदारानं तेही नोंदवलं. "आपण यापूर्वी कोणास थाप मारली आहे का?"

"अख्ख्या तालुक्याला!" मी छाती फुगवून सांगितलं.

थोड्याच वेळात दोन सुरक्षारक्षक धावत आले आणि त्यांच्यामागून एक्स-रेचं मशीन ढकलत एक पोरगी आली. ठोकेदाराला मराठी शिकवली होती कोशांवरून. कोशात थाप म्हणजे तळहाताचा आघात. भाकरीवर पडते ती, ढोलकीवर पडते ती. त्यानं वर कळवलं होतं, की हृदयरोगी मारहाण करतोय आणि त्याच्याही छातीला मार बसलाय.

नेमकी त्याच वेळी माझी बायको पारू डबा घेऊन आली. रक्षकानं तिला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "आजी, खरं सांगा. आजोबा घरी पण मारतात?"

"तर वो," पारू म्हणाली. "रोज मारत्यात. मला बघाय आले तवाच पहिली मारली."

"आणि तुम्ही सहन करता?"

"सवय झालीय आता. एखाद्या दिवशी न्हाई मारली तर मलाच करमत न्हाई."

रक्षकाच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर हेर्लेकर आल्या नसत्या तर त्यानं पोलिसांना फोन लावलाच होता.

हेर्लेकरबाई वयानं लहान, चालीनं वाऱ्यासारख्या. त्यांनी हकिगत ऐकली, हसू दाबायला चष्मा पुसला, मग पडद्यावर माझ्या ठोक्यांचा आलेख लावला आणि हसायच्या थांबल्या.

"तात्या, हे बघा. थापेच्या आधी तुम्ही श्वास रोखता. इथं एक ठोका लांबला. मग एकदम तीन ठोके घाईनं. औषध अंगात जास्त झालं की सुरुवात हुबेहूब अशीच होते."

"म्हणजे माझी थाप विषारी?"

"यंत्राच्या लेखी, हो. तुम्ही सकाळ-संध्याकाळ मैफल भरवलीत तर तुमचा पंप दिवसभर बंद. मग पाणी पायातून वर चढेल. फुप्फुसात."

"मग सांगा की त्याला, हे विष न्हाई, सिदाप्पा हाय म्हणून."

"ते एवढं सोपं नाही. समितीची परवानगी लागते."

समिती म्हणजे प्रशासक लोखंडे. ते दारातच उभे होते. इस्त्रीची घडी मोडेल म्हणून कधी न बसणारा माणूस. म्हणाले, "एका थापाड्यासाठी यंत्र बदलत नसतात. थापाड्यानं बदलावं." आणि पाटीवर ॲलर्जी लिहायला लावून निघून गेले.

यानंतरचं तर तुम्हाला अजिबात पटणार नाही. मी गप्प बसलो.

खरंच बसलो. पारूनं हात जोडले म्हणून. पायांचा फुगवटा उतरला, रात्री आडवं पडता यायला लागलं. बाबालालनं पुन्हा भिंत धरली. वॉर्डात सगळ्यांची औषधं वेळेवर चालली होती आणि सगळ्यांची तोंडं मात्र सुतकातली.

चकतीवर एक बारीक दिवा होता, आणि तसाच एक ठिपका इस्पितळानं नातेवाइकांच्या फोनवर दिलेला असायचा. पेशंटचं औषध चालू असलं की हिरवा, यंत्राला शंका आली की नारिंगी. पारूला तो ठिपका म्हणजे नवी चैन झाली. डबा उघडायची आणि फोन समोर ठेवायची.

"आमटी कशी झालीय?"

"फक्कड."

ठिपका नारिंगी होऊन परत हिरवा झाला. बारीक थापेवर ठोकेदार नुसताच संशय घ्यायचा, आणखी थोडे ठोके मोजायचा आणि सोडून द्यायचा.

"बेचाळीस वर्सं!" पारू म्हणाली. "बेचाळीस वर्सं फक्कड म्हणून वरपलीसा ती आमटी!"

"अगं, मीठ जरा..."

"आन् मी त्या हिरव्या लुगड्यात बरी दिसते का?"

मी तोंडात भाकरी कोंबली. हृदयरोग्यानं चावून खावं असं म्हणतात, मी तो घास इतका चावला की हिरव्या लुगड्याचा विषय जुना झाला.

पण दोन दिवसांनी ती आली तेव्हा मी सगळी रात्र बसून काढली होती. पाठीत कळ होती, आणि बाबालालच्या पलीकडचा माणूस पहाटे गेला होता, वयानं. त्याचा पलंग धुऊन ठेवला होता. पारूनं त्या रिकाम्या गादीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बरं वाटतंय नव्हं?" तिनं विचारलं.

"झकास," मी म्हणालो. "उद्या सोडत्याल बघ."

एक ठोका लांबला. मला आतून जाणवला. मग तीन घाईचे. ठिपका नारिंगी झाला आणि या वेळी तसाच राहिला. "औषध थांबवण्यात येत आहे," छातीतली बाई म्हणाली.

पारू फोनकडं बघत राहिली. मी खिडकीकडं. जरा वेळानं तिनं फोन उचलला, बंद केला आणि डब्याच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली सारला.

"मला तुमचं खोटं ऐकायचंय," ती म्हणाली. "मोजायचं न्हाई."

ती गेल्यावर मी बटण दाबून हेर्लेकरबाईंना बोलावलं. आवाज चढवायची बंदी होती, ती मोडली.

"बाई, विहिरींच्या गोष्टी सोडल्या. मधमाश्या सोडल्या. पण बायकोनं बरं वाटतंय का विचारलं तर 'झकास' म्हणायचं न्हाई? हे कुठलं औषध? हिला मी काय सांगू, हप्त्याहप्त्यानं मरतोय म्हणून?"

"तात्या, शांत..."

"शांत हुईन तवा कायमचा हुईन. आन् मी एकटाच का? भेटायच्या वेळंला ह्या वॉर्डात खरं कोण बोलतं? त्यो बाबालाल त्याच्या पोराला 'मला भूक लागते' म्हणतो. त्या कोपऱ्यातले गुरुजी 'परीक्षेचे पेपर तपासायला आणून द्या' म्हणतात. सगळे बरे हायेत! आमच्या वॉर्डात आजारी माणूस न्हाईच मुळी!"

बाई जायच्या थांबल्या. पडद्याजवळ गेल्या आणि सगळ्या वॉर्डाचे आलेख एकाखाली एक लावून बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग हळूच म्हणाल्या, "अरे देवा."

रोज दुपारी भेटायच्या वेळेनंतर वॉर्डातले निम्मे पंप अडखळत होते. हे त्यांना आधीही दिसलं होतं. आतापर्यंत सगळ्यांनी त्याचं खापर घरून येणाऱ्या डब्यांवर फोडलं होतं. लोणच्यावर, पापडावर. दोनदा तर डबे तपासलेही होते. आता त्यांनी ठोके जवळून बघितले. एक लांबलेला, तीन घाईचे. माझ्याइतके जोरकस नव्हते, पण चाल तीच. माणसं आपल्या माणसांना 'मी बरा आहे' सांगत होती, आणि त्याबद्दल त्यांचं औषध कापलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी हा शोध लोखंड्यांपुढे ठेवला गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथं उपाय सांगितला.

"भेटायची वेळ बंद करा."

मी पलंगावरून खाली उतरलो. नाकातली नळी ताणली गेली. "साहेब," मी म्हणालो, "मग माझंही ऐका. मी आजपासून थापा मारणार. सकाळी मारणार, दुपारी मारणार. पंप बंद पडू दे. मेलो तर दाखल्यावर कारण लिवा, थाप. आन् माझ्या मातीला सगळ्या तालुक्याला बोलवा, भेटायची वेळ ठेवून."

"हा आत्मघात आहे."

"न्हाई. हा माझा धंदा हाय."

"मी बी थापा मारणार," बाबालाल म्हणाला. इतक्या दिवसांत त्यानं आपणहून काढलेला हा पहिला शब्द. मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे, शिकून घेईन."

कोपऱ्यातले गुरुजी खोकून म्हणाले, "माझीही शिकवणी लावा, तात्या." मग आणखी दोन आवाज आले. लोखंड्यांनी हेर्लेकरबाईंकडं बघितलं. बाईंनी त्यांची बाजू घेतली असती तर तिथंच सगळं मिटलं असतं.

"सर, यंत्राला शिकवता येईल," बाई म्हणाल्या. "त्याला दोन्ही ठोके सारखे वाटतात कारण ते फक्त ठोके ऐकतं. थापेत ठोका लांबतो तो श्वास रोखल्यावर आणि बोलणं सुरू होताना. विषबाधेत हृदय वाटेल तेव्हा चुकतं, माणूस झोपलेला असला तरी. शब्द, श्वास आणि ठोका एकत्र ऐकायला लावले तर फरक कळेल. फक्त त्याला नमुने हवेत. हृदयरोग्यानं मारलेल्या थापांचे नमुने जगात कुणाकडे नाहीत."

"आमच्याकडं हायेत," मी म्हणालो.

"आणि उलटं झालं तर?" लोखंडे म्हणाले. आणि हे मात्र त्यांचं बरोबर होतं, त्यांच्यावर राग असला तरी सांगतो. "खऱ्या विषबाधेला ते थाप समजलं आणि औषध ओतत राहिलं, तर माणूस मरेल. त्याची जबाबदारी कोण घेणार?"

बाईंनी विचार केला. "म्हणून शिकवल्यावर त्याची परीक्षा घेऊ, आणि तीत त्यानं मनातल्या मनात ठरवायचं नाही. थाप वाटली तर मोठ्यानं बोलून दाखवायची. सगळ्यांदेखत. पेशंट खरं बोलत असेल तर तो लगेच ओरडेल की मी खोटं बोलत नाही, मला त्रास होतोय. परीक्षा पार पडली की मग ते फक्त सिस्टरच्या पडद्यावर लिहील, नातेवाइकांना कळणार नाही."

लोखंड्यांनी अट घातली. शिकवा. पण शेवटी ती परीक्षा त्यांच्यासमोर, पंप चालू ठेवून. त्यात पंप थांबला तर भेटायची वेळ कायमची बंद, आणि मी मौनाच्या कागदावर सही करायची. सही केली नाही तर चकती काढून घरी. चकतीवाचून, माझ्या किडनीला, अंदाजानं घेतलेल्या गोळ्यांवर मी किती टिकलो असतो ते बाईंनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मग सुरू झाली शाळा. सकाळी पंप बंद करून आम्हाला गोळ्या मोजून हातावर द्यायच्या, रोज रक्त बघायचं, आणि मग थापा. प्रत्येक थापेनंतर ठोकेदार विचारायचा, "आपण आत्ता खोटे बोललात का?" आणि आपण खरं सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्यावर मला कुणी शाबासकी देत होतं.

बाबालालची शिकवणी अवघड गेली. सुरीला धार लावणारा माणूस, एका रेषेत चालणारा. त्याची पहिली थाप होती, "माझं नाव बाबालाल नाही."

"मग काय हाय?" मी विचारलं.

तो घामाघूम झाला. "बाबालालच हाय, पण..."

"आपण आत्ता खोटे बोललात का?" ठोकेदारानं विचारलं.

"मला स्वतःलाच कळंना बाई," बाबालाल म्हणाला.

पण आठवड्यानं तोच म्हणाला, की त्यानं धार लावलेल्या एका विळीनं एका बाईनं भाजी चिरताना शेजारणीची कुजबूज मधोमध कापली आणि अर्धी कुजबूज अजून तिच्या अंगणात पडून आहे. मी उठून त्याच्या पाया पडलो. पुढे असं झालं, की तो जेवायला लागला. जेवताना त्याला नवीन थापा सुचायच्या.

ठोकेदारही बदलत होता. दिवसभर आमच्या तोंडचं ऐकून त्याच्या बातम्यांना जतची हवा लागली. 'आपणास' कमी झालं. एकदा गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, आपण लई खोटं बोलता." गुरुजींनी ते आपल्या निवृत्तीच्या सत्कारापेक्षा मोठं मानलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून माझे पाय गार होते. लोखंडे आले, उभेच राहिले. हेर्लेकरबाई पडद्याशी. पारू पलंगाच्या पायथ्याशी, हिरवं लुगडं नेसून, मुद्दाम. दंडाला पंप बांधला. त्याची बारीक टिकटिक सुरू झाली. बाई म्हणाल्या, "तात्या, नेहमीसारखीच. कमी नको, जास्त नको."

"जास्त नको म्हणजे काय ते मला कळत न्हाई, बाई," मी म्हणालो आणि सुरू केलं.

"संखच्या माळावर मी एक विहीर दाखवली. खणणारे खणत गेले, खणत गेले. पाणी लागंना. मी काठावर ओणवा होऊन आत हाक मारली, 'लागलं का रं?' काही उत्तर न्हाई. मी घरी आलो. लगीन झालं. हिच्याशीच. संसार मांडला. पोरगी झाली. बारशाचा दिवस, दारात माणसं, पाळणा सजलेला, पोरीच्या कानात आत्या नाव सांगणार एवढ्यात..."

श्वास रोखला. सगळा वॉर्ड माझ्याबरोबर थांबला.

"...एवढ्यात माळावरनं माझाच आवाज आला. 'लागलं का रं?' विहिरीच्या तळाला आपटून त्यो तवा वर आला होता. आन् काय सांगू, मी मारली तवा हाक मिसरूड फुटलेल्या पोराची होती. वर आली तवा घोगरी झाली होती. वाटेत वय वाढलं तिचं!"

गुरुजी खोकत हसले. बाबालालनं पलंगाची दांडी बडवली. मी हसलो नाही. आत एक ठोका लांबला होता, मोठा, खोल, तिन्ही घाईचे अजून आलेही नव्हते. चकतीवरचा दिवा नारिंगी झाला.

ठोकेदार काही बोलला नाही.

त्याला शंका आली की तो आणखी थोडे ठोके मोजतो, हे मला माहीत होतं. तो मोजत होता. लोखंडे पंपाकडं बघत होते. हेर्लेकरबाईंचा हात बटणाजवळ गेला होता, जर ठोके खरंच बिघडले तर पंप बंद करायला. वॉर्ड पुन्हा सुतकी झाला. एवढ्या सगळ्यांच्या भेटायच्या वेळा माझ्या एका लांबलेल्या ठोक्याला टांगल्या होत्या.

पारू पायथ्यावरून उठली आणि माझ्या उशाशी आली. माझा हात हातात घेतला, गार लागला असणार.

"भ्यालासा व्हय?" तिनं हळूच विचारलं.

"मी?" मी म्हणालो. सगळ्यांनी ऐकावं म्हणून मोठ्यानं म्हणालो. "ह्या सिदाप्पाला भ्या? अगं, अंधाऱ्या विहिरीत दोराशिवाय उतरणारा गडी मी! मला रतीभर भ्या वाटत न्हाई."

दंडावरची टिकटिक चालूच होती. चकतीवरचा दिवा हिरवा झाला, आणि बातम्या सांगणारी ती बाई माझ्या छातीतून अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी बोलली:

"खोटं. तात्या लई भ्यालेत. औषध चालू ठेवलं आहे."